अतितात्काळ

सकाळचे अकरा वाजून गेलेले असतात. दुसरीतली एक मुलगी पुस्तक घेऊन बाईंच्या टेबलाशी उभी असते. ओळीखाली बोट, आणि 'पर्वत'पाशी गाडी अडलेली. रफार अजून तिच्या हाती लागलेला नाही. 'प', मग 'र', मग पुन्हा 'प'. तेवढ्यात टेबलावरचा मोबाईल थरथरतो. केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, ग्रुपवर पत्र येऊन पडलेलं असतं: अतितात्काळ, सोबतच्या लिंकमध्ये इयत्तानिहाय व प्रवर्गनिहाय पट दुपारी १ पर्यंत भरावा, माहिती नसल्यास निरंक कळवावे. बाई लिंक उघडतात. मुलगी 'परवत' म्हणते, थोडं थांबते, मग आपणच पुस्तक मिटते आणि जागेवर जाऊन बसते. ती गेली हे बाईंच्या लक्षातही येत नाही.

कामावरून मन उडतं ते बहुतेकदा असंच, आवाज न करता. रडारड नाही, भांडण नाही, राजीनामा तर नाहीच. इतक्या स्पर्धेतून मिळालेली, आधी तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून मानधनावर काढून पक्की झालेली जिल्हा परिषदेची नोकरी कोण सोडतो? गुरुजी रोज वेळेवर येतात. परिपाठ होतो, हजेरी होते, खिचडी शिजते, टाचण लिहिलं जातं. फक्त गुरुजी तिथे नसतात.

याला आता सगळे बर्नआउट म्हणतात. शब्द रुळलाय, त्याबद्दल तक्रार नाही, पण त्यातलं ते जळणं मला पुरतं पटत नाही. आपल्याकडे 'विटणं' आहे. कामाचा वीट येतो आणि कापडाचा रंगही विटतो. रोज उन्हात वाळत घातलेल्या लुगड्याचा रंग नेमका कुठल्या दिवशी गेला ते कुणालाच सांगता येत नाही. निऱ्यांच्या आतली बाजू कधीतरी उलटून बघितली की मूळचा रंग दिसतो, आणि मग कळतं की बाहेरचं किती उतरलंय. नव्याने रुजू झालेली एखादी तरुण बाई पहिल्याच आठवड्यात मुलांना घेऊन ओढ्याकाठी पानं गोळा करायला जाते, तेव्हा जुन्या गुरुजींना काहीतरी टोचतं. ते टोचणं म्हणजे ती आतली बाजू.

हा शब्द अभ्यासात आला तोही पोटतिडकीने काम करणाऱ्या माणसांमुळे. हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर हे मानसशास्त्रज्ञ दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस करून संध्याकाळी न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथे तळमळीने आलेले स्वयंसेवकच हळूहळू कोरडे आणि चिडके होत जाताना त्यांनी पाहिले आणि १९७४ साली त्यावर लेख लिहिला. पुढे क्रिस्टिना मास्लाख आणि सुझन जॅक्सन यांनी १९८१ मध्ये हे मोजायची प्रश्नावली तयार केली. शिक्षकांसाठी तिची वेगळी आवृत्तीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये याला रोग म्हटलं नाही, कामातून उद्भवणारी अवस्था म्हटलं. हा फरक शब्दांपुरता नाही. रोग म्हटलं की माणसाला औषध द्यायचं. कामातून उद्भवतं म्हटलं की कामाकडेही बघावं लागतं.

त्या प्रश्नावलीत तीन गोष्टी मोजतात. पहिली थकवा. तो शाळेत कमी आणि रविवारी दुपारी चारनंतर जास्त दिसतो, पोटात गोळा येतो. दुसरी तुटलेपण. मुलांची नावं जाऊन आकडे येतात: 'माझे सव्वीस', 'आधार न जुळणारे तीन'. त्या तिघांतल्या एकाचे आईबाप ऊसतोडीला गेलेत आणि तो आजीकडे राहतो हे माहीत असतं, पण आठवत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे आपल्या हातून काही होत नाही ही भावना. सगळी चर्चा पहिल्या गोष्टीची होते, कारण थकवा सांगायला लाज वाटत नाही. माझं मत असं की शिक्षकाच्या बाबतीत खरी गळती तिसऱ्या ठिकाणी आहे, आणि आधी तीच बंद करायला हवी.

कारण प्रश्न तासांचा असता तर हिशेब सोपा होता. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे ४५ तास धरलेत, तयारीसकट. त्याहून जास्त तास राबणारी माणसं गावात कितीतरी आहेत. पण दिवसभर खुरपणाऱ्या बाईला संध्याकाळी मागे वळून किती ओळी झाल्या ते दिसतं. लिंकमध्ये भरलेली माहिती 'सबमिट' दाबलं की नाहीशी होते आणि पंधरा दिवसांनी तीच माहिती वेगळ्या नमुन्यात पुन्हा मागितली जाते. पोषण आहाराचा हिशेब रोजचा: पटावर ४८, हजर ४३, पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम, म्हणजे तांदूळ ४ किलो ३०० ग्रॅम. यात थकण्यासारखं काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे. पण ते ऐन भागाकार शिकवताना करायचं, परत येऊन भागाकार धरायचा, पुन्हा कुणाचा तरी फोन. सोफी लरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा एक तुकडा पहिल्याच कामात अडकून राहतो. दोनशिक्षकी शाळेत चार इयत्ता सांभाळणाऱ्याचे असे किती तुकडे होत असतील!

उपायाकडे वळण्याआधी एक चाळणी मात्र लावलीच पाहिजे. साधा थकवा दिवाळीच्या सुट्टीत जातो. शाळा उघडून तिसऱ्याच दिवशी सगळं जसंच्या तसं असेल तर तो थकवा नव्हे. पण सुट्टीतही, घरातही, आवडत्या माणसांतही काहीच गोड लागत नसेल, दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप आणि भूक बिघडली असेल, जगण्यात अर्थ नाही असं मनात येत असेल, तर तो नैराश्याचा आजार असू शकतो आणि तिथे डॉक्टरच हवा. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर एकदा तपासून घ्यावी. रक्तच कमी असेल तर इच्छाशक्तीला दोष देण्यात अर्थ नाही. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. जवळच्या शाळेतल्या सहकाऱ्याला कळेल या भीतीने तालुक्याच्या दवाखान्यात जायला कचरणाऱ्यांनी तर तो आधी लावावा.

ते नसेल, तर पहिला आठवडा काहीच बदलायचं नाही, फक्त नोंद ठेवायची. खिशात मावेल अशी वही. प्रत्येक तासिकेच्या घंटेला एक अक्षर लिहायचं: मुलांबरोबर गेला तर 'मु', कागदात गेला तर 'का', मोबाईलवर गेला तर 'मो'. दोन्ही असेल तर दोन्ही. रात्री घरी बसून आठवून लिहिलं की हिशेब हमखास चुकतो, कारण रात्री सगळा दिवसच मोबाईलवर गेल्यासारखा वाटतो. घंटेलाच लिहावं. पाच दिवसांनी 'मो' मोजण्यापेक्षा ते कुठल्या वेळी येतात ते बघावं. मोबाईलचं सगळं काम एकाच तासात येत असेल तर बाकीचे तास वाचतात; दर तासात थोडं थोडं येत असेल तर एकही तास वाचत नाही, भले एकूण मिनिटं सारखीच असोत.

मग मागणी वही. एका साध्या फुलस्केप वहीत सहा रकाने: तारीख, कुणी मागितलं, पत्राने की तोंडी, काय मागितलं, कधीपर्यंत, पाठवल्याची तारीख. महिनाभर भरली की वहीच बोलू लागते. बहुतेक मागण्या त्याच त्या वीसेक गोष्टींच्या वेगवेगळ्या जुळण्या असतात. म्हणून एक मूळ तक्ता करून ठेवावा: जनरल रजिस्टर क्रमांक, रजिस्टरवरचं नाव, आधारवर इंग्रजीत जसं छापलंय अगदी तसंच नाव, जन्मतारीख, प्रवर्ग, पालकाचा मोबाईल, बँक खातं, दिव्यांगत्व असल्यास प्रकार, उंची, वजन, गणवेशाचं माप. रजिस्टरवरचं आणि आधारवरचं नाव एकाच रकान्यात कोंबू नये, निम्मा घोळ तिथेच होतो. एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, बापाच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच, आणि पोर्टल म्हणतं जुळत नाही. तक्ता शाळेच्या लॅपटॉपवर ऑफलाइन ठेवावा, एक छापील प्रत फाईलला लावावी, महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुरुस्त करावा. आधार क्रमांकांसकट तो ग्रुपवर कधीच टाकू नये. घाईत हे फार होतं.

त्यानंतर मोबाईल कपाटात. हे वाक्य लिहायला सोपं आहे, आणि नेमकं इथेच सगळं फिसकटतं. मोबाईल कपाटात ठेवला की पहिले तीन दिवस हात सारखा खिशाकडे जातो, चौथ्या दिवशी एखादी माहिती राहते, 'आपल्या केंद्रात फक्त आपलीच शाळा बाकी' असा मेसेज शाळेच्या नावासकट ग्रुपवर पडतो आणि मोबाईल परत टेबलावर येतो. ते टाळायचं तर आधी केंद्रप्रमुखांशी बोलावं लागतं, ग्रुपवर नव्हे, समक्ष. 'सर, मी ग्रुप शाळा भरायच्या आधी आणि मधल्या सुट्टीत बघते. मधेच काही निकडीचं असेल तर मुख्याध्यापकांना फोन करा, मी पाच मिनिटांत देते.' यातली गंमत फोनमध्ये आहे. अतितात्काळ लिहायला काहीच लागत नाही. फोन लावायला माणसाला थांबून विचार करावा लागतो की हे खरंच आत्ता हवंय का. केंद्रप्रमुखसुद्धा दुसऱ्याच्या अतितात्काळाखालीच दबलेले असतात, त्यामुळे रागाने बोललेलं फळत नाही. तक्ता तयार असल्याने माहिती पाच मिनिटांत खरंच जाते, हे दोनदा दिसलं की ते आपणहून सांभाळून घेतात.

काही कामं मात्र कपाटात जात नाहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं म्हटलंय, पण दशवार्षिक जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका त्यातून वगळल्यात. म्हणजे मतदार यादीचे नमुना ६, ७ आणि ८ घेऊन दारोदार फिरणं आहेच. ते टळणार नाही, तर त्या आठवड्यांत नवा पाठ, नवा उपक्रम सुरू करू नये. उजळणी, पाढे, वाचनाच्या जोड्या, मोठी मुलं लहानांना शिकवतात ती व्यवस्था, एवढंच. दोन्ही पूर्ण ताकदीने करायला गेलं की दोन्ही अर्धे होतात आणि तिसरी गळती वाढते.

शाळा सुटल्यावरचं शेवटचं काम सात मिनिटांचं. अर्धवट राहिलेली कामं जास्त लक्षात राहतात, डोक्यात घोळतात, असं ब्लूमा झाइगार्निक यांनी १९२७ मध्येच मांडलं होतं. २०११ च्या एका प्रयोगात दिसलं की काम पूर्ण केलं नाही तरी चालतं, ते कधी आणि कसं करायचं एवढं ठरवून लिहिलं तरी घोळणं थांबतं. म्हणून 'प्रगतिपत्रकं बाकी' असं लिहू नये, त्याने काहीच होत नाही. 'गुरुवारी मधल्या सुट्टीत तिसरीच्या पहिल्या आठ मुलांच्या वर्णनात्मक नोंदी, निळी फाईल' असं लिहावं. मग वही कपाटात, घरी नाही. अपडाऊन करणाऱ्यांना वीस-तीस किलोमीटरची एक आयती मोकळीक मिळते. तिच्यात कानाला इअरफोन लावून उद्याच्या बैठकीचं बोलणं करू नये, गाडीवर तर मुळीच नाही. सबिना सोनेनटाग आणि शार्लोटे फ्रिट्झ यांनी २००७ मध्ये विसाव्याचे चार घटक मांडले: कामापासून मन सुटणं, शरीर सैल होणं, काहीतरी नवं जमू लागणं, आणि आपला वेळ आपल्या हातात असणं. पहिल्या दोन गोष्टी टीव्हीसमोर मिळतात. तिसरीसाठी हार्मोनियम, पोहणं, परसातली वांगी, काहीही चालतं. फक्त त्यात जरा कठीण काहीतरी हवं.

रजा साठवायची सवय वाईट. वर्षाच्या किरकोळ रजा डिसेंबरपर्यंत उरतात आणि मग शेवटच्या पंधरवड्यात बँक आणि लग्नकार्यांत उडतात. मोठ्या सुट्टीचा ताजेपणा काही आठवड्यांत ओसरतो, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. त्यापेक्षा दर दीड-दोन महिन्यांनी, बुधवारी, कारण नसताना एक.

हे सगळं शिक्षकाने एकट्याने करायचं का, असं कुणी विचारेल, आणि ते रास्तच आहे. मास्लाख आणि मायकल लायटर यांनी कामाच्या सहा जागा सांगितल्यात जिथे माणूस आणि काम यांचं बिनसतं: कामाचा भार, हातातली सत्ता, मोबदला, सोबत, न्याय आणि मूल्यं. यातल्या किमान तीन गोष्टींना शिक्षक हातच लावू शकत नाही. अवघड क्षेत्रातली बदली, पती एका तालुक्यात आणि पत्नी दुसऱ्या, १ नोव्हेंबर २००५ नंतर लागलेल्यांचा पेन्शनचा प्रश्न, यांवर मागणी वहीचा इलाज नाही. ती लढाई संघटनेची. वरचे लोक काय करतात? प्रेरणादायी व्याख्यान ठेवतात. तासभर हसतखेळत जगण्याबद्दल ऐकायचं, आणि शेवटी उपस्थितीचा फोटो जिओटॅग करून लिंकवर टाकायचा. त्याऐवजी महिन्याच्या शिक्षण परिषदेत तीन-चार शाळांच्या मागणी वह्या शेजारीशेजारी ठेवून दाखवल्या तर बरं होतं. एकच पट एका महिन्यात किती नमुन्यांत मागितला गेला हे विस्तार अधिकाऱ्यांनाही बहुधा पहिल्यांदाच दिसतं, कारण प्रत्येक पत्र वेगळ्या टेबलावरून निघालेलं असतं.

आता ती तिसरी गळती. इथे 'मुलांवर प्रेम करा' छापाचा सल्ला कुचकामी आहे. हवा आहे तो खुरपलेल्या ओळींसारखा डोळ्यांना दिसणारा पुरावा, तोही छोटा. वर्गातली चार मुलं निवडायची. सर्वांत कच्ची चार निवडण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. सहा आठवडे हलत नाहीत ती, आणि गुरुजी आणखी खचतात. मधली दोन घ्यावीत, ज्यांना अक्षरं आणि मात्रा येतात पण जोडाक्षरांपाशी अडतात. एक कच्चं, एक चांगलं. दर शुक्रवारी, प्रार्थनेनंतर लगेच, एकेकाला जवळ घ्यायचं. बालभारतीतला त्याच्या पातळीचा, पण न पाठ झालेला ६० ते ८० शब्दांचा उतारा. एक मिनिटाची वेळ लावायची आणि बरोबर वाचलेले शब्द मोजायचे. 'प्रकाश'चा 'पकाश' झाला तर चूक; मुलाने आपणहून सुधारलं तर बरोबर. मधे टोकायचं नाही, तीन सेकंद अडला तर शब्द सांगून पुढे न्यायचं. दर आठवड्याला उतारा बदलायचा, नाहीतर मोजली जाते ती पाठांतराची वाढ. चौकटीच्या वहीत आडवे आठवडे, उभे शब्द, चार मुलांच्या चार रंगांच्या रेषा. सगळं मिळून दहा मिनिटं.

आठवड्याच्या मधल्या दिवसांत त्या दोघा मधल्यांना रोज पाच शब्द: सोमवारी रफाराचे, म्हणजे सूर्य, पर्वत, गर्दी, मंगळवारी पायातल्या रकाराचे, प्रकाश, ग्रह, चक्र, बुधवारी ट्रक, राष्ट्र, ड्रम. तीन निराळी रूपं, आणि मुलाच्या दृष्टीने त्यांच्यात काहीही साम्य नसतं, हे मोठ्यांना विसरायला होतं. रेषा सरळ चढत नाही. आठवड्याला दोन-तीन शब्द पुढे, मग ताप, जत्रा, मामाकडे गेला, की पाच मागे. कच्च्या मुलाची रेषा कितीतरी दिवस आडवीच पडून असते. चांगल्याची एका जागी जाऊन थांबते. मग त्याला शब्द मोजणं पुरे करून अर्थ विचारायला लागायचं. मधल्या दोघांची मात्र पाचव्या-सहाव्या आठवड्याला कुठेतरी एकदम उडी दिसते, आणि त्या शुक्रवारी मोबाईल कपाटात आहे हे गुरुजींनाच आठवत नाही.

एकच पथ्य. या वहीचा फोटो काढायचा नाही. केंद्राच्या ग्रुपवर नाही, स्टेटसला नाही, निपुण या वाचन-गणिताच्या सरकारी अभियानाच्या कुठल्या अहवालात नाही. एकदा का ती पाठवायची गोष्ट झाली की तिची मागणी वहीत नोंद होते, पुढच्या महिन्यात तिचा नमुना येतो, आणि मग चार मुलांच्या जागी सव्वीस मुलांचे शब्द अतितात्काळ भरायचे असतात. तपासणीला आलेल्या साहेबांना वही दिसलीच आणि त्यांनी विचारलंच, की हे कुठल्या उपक्रमाखाली, तर निरंक.